गाडी महाग कुठे पडते?

अमेरिकेने २०२५च्या एप्रिलमध्ये आयात मोटारींवर २५ टक्के जादा शुल्क लावले आणि सप्टेंबरात जपानी गाड्यांपुरते ते एकूण १५ टक्क्यांवर आणले. या सवलतीवर सर्वाधिक चडफडाट झाला तो डेट्रॉइटमध्ये. ज्यांच्या रक्षणासाठी म्हणून ही तटबंदी उभी केली, तेच विचारू लागले, की जपानहून बोटीने येणाऱ्या गाडीला १५ टक्के आणि अमेरिकी सुटे भाग वापरून मेक्सिकोत किंवा कॅनडात जोडलेल्या आमच्या गाडीला त्याहून चढा दर, हा कुठला न्याय? तक्रार अगदीच अनाठायी नाही. पण तिच्या आडून एक जुने पालुपद पुन्हा ऐकू येऊ लागले आहे. जपानी गाडी स्वस्त पडते ती तिथल्या मजुरीमुळे, पडलेल्या येनमुळे आणि सरकारच्या वरदहस्तामुळे. एरवी आम्ही हरलो नसतो, असे ते पालुपद. चार दशकांहून अधिक काळ ते आळवले जात आहे आणि ते कितपत खरे, हे तपासण्याची साधने त्याच चार दशकांत डेट्रॉइटच्या स्वतःच्या हातात होती.

सुरुवात १९८१च्या सुमाराची. तेलाच्या दुसऱ्या झटक्याने अमेरिकी ग्राहक छोट्या गाड्यांकडे वळला होता आणि क्रायस्लर सरकारी कर्जहमीवर कशीबशी तगून होती. जेम्स हार्बर या क्रायस्लरच्याच जुन्या उत्पादनतज्ज्ञाने तेव्हा हिशेब मांडला, की बोटीचे भाडे धरूनही छोटी जपानी गाडी तशाच अमेरिकी गाडीपेक्षा सुमारे दीड हजार डॉलरनी स्वस्त पडते. छोटी गाडी पाच-सहा हजार डॉलरला मिळण्याचा तो काळ. म्हणजे ही तफावत किती मोठी हे लक्षात यावे. डेट्रॉइटने आधी आकड्यावरच शंका घेतली, मग मजुरीकडे बोट दाखवले. मजुरीच्या दरात फरक होताच. पण हार्बर यांचा मुद्दा वेगळा होता. एक गाडी जोडायला जपानमध्ये मुळात माणसांचे तासच कमी लागत होते.

राजकारण्यांना मजुरीचे कारण सोयीचे वाटले. १९८१ मध्ये जपानने ‘स्वेच्छेने’ अमेरिकेला होणारी निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांवर रोखली. ही स्वेच्छा कशी घडवली जाते, हे व्यापारी वाटाघाटी पाहणाऱ्यांना सांगायला नको. परिणाम मात्र वेगळाच झाला. संख्येवर मर्यादा आल्याने जपानी कंपन्या मोठ्या, अधिक किमतीच्या गाड्या पाठवू लागल्या. शिवाय त्यांनी अमेरिकेतच कारखाने काढले. १९८२ मध्ये होंडाने ओहायोतील मेरिसव्हिलला, १९८३ मध्ये निस्सानने टेनेसीतील स्मर्नाला, १९८८ मध्ये टोयोटाने केंटकीतील जॉर्जटाउनला गाड्या बनवायला घेतल्या. कामगार अमेरिकी, पगार डॉलरमध्ये, कायदे तिथलेच. जपानी मजुरीची सबब येथे चालणार नव्हती. येनची सबबही डॉलर उतरवण्यासाठी झालेल्या १९८५च्या प्लाझा करारानंतर लंगडी पडली. डॉलरला २४० च्या आसपास असलेला येन दोन-अडीच वर्षांत जवळपास दुपटीने वधारला आणि १९९५ मध्ये तर डॉलरचा भाव ८० येनच्याही खाली गेला. तरीही जपानी गाड्यांचा अमेरिकेतला वाटा कोसळला नाही.

मग फरक होता कशात? ‘मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’च्या अभ्यासगटाने १९८६ मध्ये दोन कारखाने शेजारी ठेवून पाहिले. एक जनरल मोटर्सचा, मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅमचा. दुसरा टोयोटाचा, जपानमधील ताकाओकाचा. दोन्हीकडची कामे एकसारखी धरून हिशेब केल्यावर फ्रेमिंगहॅममध्ये एका गाडीच्या जोडणीला ३१ तास लागत होते, ताकाओकात १६. निम्म्या वेळात काम उरकायचे तर घिसाडघाई आली, असे कोणालाही वाटेल. पण शंभर गाड्यांमागे जोडणीतले दोष फ्रेमिंगहॅममध्ये १३०, तर ताकाओकात ४५ होते. सुट्या भागांचा साठा एकीकडे सरासरी दोन आठवड्यांचा, दुसरीकडे दोन तासांचा. कमी वेळ, कमी जागा, कमी साठा आणि दोषही कमी! चांगल्या मालाला जास्त पैसे मोजावेच लागतात, ही बाजारातली समजूत खरी असती, तर हे आकडे असे एका बाजूला झुकलेच नसते.

आकड्यांमागचे दृश्य अधिक बोलके आहे. फ्रेमिंगहॅममध्ये लाइनलगतच्या वाटांवर माणसांची गर्दी असे: साहित्य आणणारे, गैरहजर गड्याच्या जागी उभे राहणारे, दुरुस्ती करणारे. गाडीत त्यांच्या हातून नवे काही जोडले जात नव्हते, पगार मात्र गाडीच्या किमतीत चढत होता. लाइन संपली की मोठी रीवर्कची जागा. तिथे वाकडे दार, चुकीचा बंपर, बुजलेला स्क्रू अशा दुखण्यांच्या गाड्यांची रांग. ताकाओकात वाटा जवळपास मोकळ्या आणि रीवर्कला जागाच जेमतेम. पुणे-पिंपरीच्या किंवा वाळूजच्या कोणत्याही शॉप फ्लोअरवर वावरलेल्या माणसाला यातला अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. एकदा चुकलेले काम दुसऱ्यांदा करण्याचा खर्च वेतनपत्रकात वेगळा दिसत नाही. तो मजुरी म्हणूनच नोंदला जातो आणि पुढे मालक म्हणतो, मजुरी फार झाली.

दोन देशांचे दोन कारखाने, तेव्हा संस्कृतीचा फरक असेल, ही शंका उरतेच. तिचे उत्तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटने दिले. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९८२ मध्ये बंद पडला तो बदनाम होऊन. कोणत्याही दिवशी पाचातला एक कामगार गैरहजर, कामाच्या वेळी दारू, तुंबलेल्या तक्रारी, अधूनमधून अघोषित संप. लाइन मात्र थांबवायची नाही, हा तिथला पहिला नियम. गाडी चुकीची जोडली जाताना दिसत असली तरी ती पुढे जाऊ द्यायची. दुरुस्ती नंतर आवारात. लाइन थांबवणाऱ्याची नोकरी धोक्यात, सदोष गाडी पुढे ढकलणाऱ्याची सुरक्षित.

हाच कारखाना १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्या भागीदारीत ‘न्यूमी’ या नावाने पुन्हा सुरू झाला. व्यवस्थापन टोयोटाचे, युनियन तीच आणि कामगारही बहुतांशी तेच. शेकड्यात ऐंशीहून अधिक जण जुन्या फ्रीमाँटचे. त्यांच्यातल्या कित्येकांना तुकड्या-तुकड्यांनी जपानला नेऊन टोयोटाच्या लाइनवर उभे करण्यात आले. परत आल्यावर त्यांच्या डोक्यावर, लाइनच्या बाजूने एक दोरी होती. काम अडले, भाग नीट बसला नाही, की ती ओढायची. ओढताच फलकावर दिवा लागतो, सूर वाजतो, गटप्रमुख धावत येतो. गाडी त्या कामगाराच्या टप्प्यातून पुढे सरकेपर्यंत अडचण सुटली तर ठीक. नाहीतर लाइन थांबते. जुन्या कारखान्यात जे पाप होते, ते इथे कर्तव्य ठरले. शिवाय कामांच्या शंभरभर वर्गवाऱ्या जाऊन मोजक्याच उरल्या आणि गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. १९८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या त्याच अभ्यासगटाने न्यूमीचेही मोजमाप केले तेव्हा एका गाडीला १९ तास लागत होते आणि शंभर गाड्यांमागे दोष ४५, म्हणजे थेट ताकाओकाइतके. माणसे तीच, गाव तेच.

यात एक बाब सहसा झाकली जाते. दोरी टांगणे सोपे आहे; ती ओढायला माणूस धजावणे अवघड. १९८८च्या सुमारास न्यूमीत बनणाऱ्या शेव्हर्ले नोव्हाची विक्री ढेपाळली आणि कारखान्याची क्षमता मोठ्या प्रमाणात रिकामी राहिली. डेट्रॉइटच्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी कामगार घरी बसवले जातात. न्यूमीने कोणालाही काढले नाही. रिकाम्या वेळात प्रशिक्षण आणि लाइनवरच्या सुधारणांची कामे दिली. कामगारांचा विश्वास या निर्णयाने बसला. आज सुधारणा सुचवली तर उद्या आपलीच जागा जाईल, ही भीती असताना कोणी सुधारणा सुचवत नसतो.

टोयोटाला हे शहाणपण उपजत होते असे मुळीच नाही. १९५० मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी होती. मोठा संप झाला, जवळजवळ चौथा हिस्सा कामगार गेले, संस्थापक किइचिरो टोयोडा यांना पायउतार व्हावे लागले. उरलेल्यांना नोकरीची हमी मिळाली ती या तडजोडीतून. त्याच वर्षी कंपनीचे अभियंते इजी टोयोडा यांनी फोर्डचा अवाढव्य रूझ कारखाना पाहिला आणि ही पद्धत जशीच्या तशी जपानमध्ये चालणार नाही, हे ताडले. अमेरिकेत पत्रा दाबण्याच्या एकेका प्रेसवर महिनोनमहिने एकच भाग काढत. डाय, म्हणजे साचा, बदलायला अख्खा दिवस गेला तरी फरक पडत नसे. टोयोटाकडे तेवढ्या प्रेस घ्यायला पैसाच नव्हता. म्हणून कंपनीचे उत्पादनतज्ज्ञ ताइइची ओहनो यांनी डाय बदलण्याचा वेळच छाटायला घेतला आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो तीन मिनिटांवर आणला. मग लहान-लहान लॉट काढता येऊ लागले आणि एक अनपेक्षित लाभ झाला. भाग चुकीचा निघाला तर तो हजारोंच्या ढिगात आठवडाभर लपून राहत नव्हता, पुढच्या गड्याच्या हातात लगेच उघडा पडत होता. टंचाईपायी केलेली काटकसर गुणवत्तेच्या पथ्यावर पडली ती अशी.

डेमिंग यांचे नाव या संदर्भात घेतले जाते आणि ते रास्तही आहे. या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९५० मध्ये जपानी अभियंत्यांना गुणवत्तेचे धडे दिले, जपानने १९५१ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. त्यांच्या मायदेशातल्या मोटार उद्योगाला त्यांची आठवण झाली ती १९८० नंतर. फोर्डने त्यांना बोलावले, त्या सुमाराची एक तुलना फारच बोलकी आहे. तोच गिअरबॉक्स, त्याच आरेखनावर, फोर्डच्या ओहायोतील बटेव्हिया कारखान्यात आणि जपानमध्ये माझ्दाकडे बनत होता. फोर्डच्या गिअरबॉक्सच्या तक्रारी व वॉरंटीचा खर्च जास्त. दोन्हीकडचे नमुने खोलून मोजले, तर फोर्डचे भागही आरेखनातल्या टॉलरन्सच्या आतच होते. म्हणजे तपासणीत पास. माझ्दाचे भाग मात्र मधल्या मापाच्या इतके जवळ, की मोजणाऱ्याला वाटले उपकरणच अडकले आहे, असे सांगतात. फोर्डमध्ये ‘बसतोय ना, मग झाले’ ही वृत्ती. माझ्दात प्रत्येक भाग आधीच्यासारखा निघावा हा ध्यास. एकेक भाग मर्यादेत असला तरी अनेक भागांचे थोडे-थोडे अंतर एकत्र आले, की गिअर बदलताना धक्का बसतोच, आणि त्याचे बिल वॉरंटीच्या खात्यावर येते. तपासनीस वाढवून हे सुटत नाही.

इतके सारे समोर असून जनरल मोटर्स शिकली का नाही? न्यूमीत तिचे अर्धे भांडवल होते, तिचे अधिकारी तिथे जाऊन-येऊन होते. तरी तिचे प्रमुख रॉजर स्मिथ यांचा भरवसा यंत्रांवर अधिक. १९८०च्या दशकात अब्जावधी डॉलर यंत्रमानवांवर गेले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या हॅमट्रॅमकच्या कारखान्यात यंत्रमानव एकमेकांनाच रंग फासत असल्याच्या बातम्या छापून आल्या. गोंधळलेल्या कामावर यंत्र बसवले, की गोंधळ वेगाने होतो एवढेच. कॅलिफोर्नियातीलच व्हॅन नाइसच्या कारखान्यात न्यूमीची नक्कल करण्याचा प्रयत्न झाला, तोही फसला. गट पाडले, फलक लावले. पण लाइन थांबली की वरिष्ठांच्या कपाळावर आठ्या पडायच्या त्या पडतच राहिल्या, आणि युनियनलाही यात कामगार पिळण्याचा डाव दिसत होता. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला.

आता डेट्रॉइटच्या बाजूचे जे खरे आहे, तेही सांगितले पाहिजे. युनियनशी झालेल्या १९५०च्या करारापासून अमेरिकी कंपन्यांनी निवृत्तिवेतन आणि आरोग्यविम्याचा भार स्वतःच्या शिरावर घेतला. तिथल्या राज्यव्यवस्थेने तो सर्वांसाठी कधी उचललाच नाही. २००५च्या सुमारास जनरल मोटर्स सुमारे ११ लाख लोकांच्या उपचारांचा खर्च करत होती आणि तो एका गाडीमागे दीड हजार डॉलर पडत होता. जपानमध्ये आरोग्यसेवा राष्ट्रीय विम्यातून मिळते. अमेरिकेतल्या जपानी कारखान्यांत कामगार तरुण आणि निवृत्त थोडे. २००८च्या मंदीत अमेरिकी कामगार ‘तासाला सत्तर डॉलर’ घेतो म्हणून गहजब झाला, तेव्हा त्या आकड्यात वर्षानुवर्षांच्या निवृत्तांचा खर्च मिसळलेला होता. कामावरच्या गड्याच्या हातात तासाला सुमारे २८ डॉलर पडत होते, टोयोटाच्या केंटकीतल्या कामगारापेक्षा फार वेगळे नव्हेत. हा बोजा गुणवत्तेशी निगडित नव्हता, कामगाराच्या आळसाशी तर नाहीच. पण तो इतका जड का झाला, याचे एक कारण बाजारातला वाटा घसरणे हेही होते. १९८०च्या आसपास अमेरिकी बाजाराचा ४५ टक्के हिस्सा राखणारी कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तो वीस टक्क्यांच्या घरात होता. निवृत्तांचा भार कायम आणि तो वाहणाऱ्या गाड्या निम्म्याहून कमी! आणि ग्राहक निघून गेले ते आरोग्यविम्यामुळे नव्हे.

पुरवठादारांचे प्रकरण लाइनपेक्षाही महत्त्वाचे, कारण गाडीचा बराचसा खर्च तिथेच होतो. १९९२-९३ मध्ये होसे इग्नासिओ लोपेझ यांनी जनरल मोटर्सची खरेदी हाती घेतली आणि जुने करार फाडून, सगळ्यांकडून नव्याने दर मागवून अब्जावधी डॉलर वाचवले. वाचले खरे, पण त्यानंतर कोणता पुरवठादार आपली नवी कल्पना आधी डेट्रॉइटला दाखवेल? याउलट १९९७च्या १ फेब्रुवारीला आयसिन या कंपनीचा कारिया येथील कारखाना जळाला. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा झडपेचा भाग जवळजवळ सगळा तिथेच बनत असे, आणि तुटपुंज्या साठ्यामुळे टोयोटाच्या लाइन पटापट बंद पडल्या. कमी साठ्याचा धोका दाखवणारी याहून चोख घटना नाही. पण करार, दर यांची बोलणी होण्याआधीच अनेक कंपन्यांनी तो भाग आपापल्या यंत्रांवर काढायला घेतला. त्यांत शिलाईयंत्रे बनवणारी ब्रदरही होती. आठवडाभरात टोयोटाची चाके पुन्हा फिरू लागली.

म्हणून जपानी ते सारे सोने, असे समजायचे कारण नाही. आपोआप वेग घेणाऱ्या गाड्यांच्या प्रकरणात टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या आणि २०१० मध्ये कंपनीचे प्रमुख अकिओ टोयोडा यांना अमेरिकी काँग्रेससमोर माफी मागावी लागली. वाढीच्या नादात प्राधान्यक्रम बिघडल्याची कबुली त्यांनी तिथेच दिली. तकाता या जपानी कंपनीने एअरबॅगमध्ये स्वस्तातले अमोनियम नायट्रेट वापरले. दमट हवेत वर्षानुवर्षे राहून ते बिघडायचे आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे प्रवाशाच्या अंगात घुसायचे. २०१७ मध्ये ती कंपनी बुडाली. टोयोटाच्याच मालकीच्या दायहात्सूने सुरक्षाचाचण्यांत दशकानुदशके लबाडी केल्याचे २०२३च्या डिसेंबरात उघड झाले. चौकशी समितीने बोट ठेवले ते नव्या गाडीच्या अतिघट्ट वेळापत्रकावर आणि ‘हे जमणार नाही’ असे वर सांगण्याची सोय नसण्यावर. जनरल मोटर्सच्या सदोष इग्निशन स्विचने किमान १२४ बळी घेतले. तो दुरुस्त करायला एका गाडीमागे एक डॉलरही लागला नसता. त्या प्रकरणाच्या चौकशीतही बैठकीत माना डोलावून उठणाऱ्या आणि पुढे काहीच न करणाऱ्या अधिकाऱ्यांचे वर्णन आहे. दोन देश, दोन कंपन्या आणि दुखणे एकच. अडचण ज्याला दिसते त्याला ती थांबवण्याचा अधिकार नसतो.

आज जोडणीच्या तासांतला जुना फरक जवळपास मिटला आहे. २०२३च्या संपानंतर डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्यांनी चार-साडेचार वर्षांत २५ टक्के वाढ मान्य केली आणि पाठोपाठ टोयोटा, होंडानेही अमेरिकेतले पगार वाढवले. निस्सान स्वतःच वीस हजार नोकऱ्या कमी करण्याच्या खटपटीत आहे, तेव्हा ‘जपानी’ हा एकजिनसी गट मानणेही आता चुकीचे. तरी विश्वासार्हतेच्या पाहण्यांत टोयोटा, लेक्सस वरच्या रांगेत असतात, आणि २०२५ मध्ये एका वर्षात सर्वाधिक वेळा गाड्या परत बोलावण्याचा अमेरिकी विक्रम झाला तो फोर्डच्या नावावर. फोर्डचा वॉरंटीवरचा खर्च अब्जावधी डॉलरचा आहे. त्यावर आयातशुल्काचा उतारा चालत नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. तळेगावला २००८ मध्ये सुरू झालेला जनरल मोटर्सचा कारखाना २०२०च्या अखेरीस थांबला आणि पुढे ह्युंदाईकडे गेला. छत्रपती संभाजीनगरात कारखाना काढण्यासाठी टोयोटा-किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, त्यावर चर्चा झाली ती गुंतवणुकीच्या कोटींची. वाळूजच्या लघुउद्योजकाला पडणारा प्रश्न निराळा आहे. दरवर्षी भाव पाडून मागणारा आणखी एक गिऱ्हाईक येतो आहे, की रिजेक्शन का होते हे बघायला आपला इंजिनिअर यंत्रापाशी उभा करणारा? नुसत्या नावावर विसंबून चालणार नाही. याच कंपनीच्या कर्नाटकातील बिडदी कारखान्यात २०२०-२१च्या हिवाळ्यात कामाच्या वाढत्या ताणावरून वाद पेटला आणि संप-टाळेबंदीत काही महिने गेले. आपल्याकडच्या बहुतेक मोटार कारखान्यांत लाइनवर उभ्या असलेल्यांत कंत्राटी आणि शिकाऊ कामगार मोठ्या संख्येने असतात. सात-आठ महिन्यांनी ज्याला ‘ब्रेक’ देऊन घरी पाठवले जाणार आहे, तो बोल्ट नीट बसला नाही म्हणून लाइन थांबवील, ही अपेक्षा सध्या तरी कोणताही व्यवस्थापक मनापासून बाळगत नसेल.